यीस्टने कीटोन रिड्यूस करायला गेलो, हाती नुसता फेस आला. एन्झाइम 'उत्क्रांत' करतात म्हणजे नक्की काय करतात?

अर्धाकच्चा_रसायनी

मंडळी, एमएस्सी ऑरगॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला सरांनी बेकरी यीस्टने बीटा-कीटोएस्टर रिड्यूस करायचा (म्हणजे त्याला हायड्रोजन जोडायचा) विषय दिला. इथिल ॲसिटोॲसिटेटवर बऱ्यापैकी जमलं. मग डोक्यात किडा वळवळला आणि इथिल ४-क्लोरोॲसिटोॲसिटेट घेतलं. बाबा रोज रात्री जेवणानंतर कोलेस्टेरॉलसाठी ॲटोर्वास्टॅटिनची गोळी घेतात. त्या रेणूची बाजूची साखळी या क्लोरोएस्टरपासून बनवतात असं वाचलं होतं, म्हणून जरा हौस.

बाटली उघडली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. तरी नेटाने केलं. बेकरीवाल्याकडून अर्ध्या किलोचा यीस्टचा पुडा आणला होता. त्यातलं ४० ग्रॅम, साखर, ४०० मिली कोमट पाणी आणि २ ग्रॅम एस्टर. दोन दिवस लॅबमध्ये पावाचा वास. तिसऱ्या दिवशी इथिल ॲसिटेटने एक्स्ट्रॅक्ट करायला गेलो तर सेपरेटिंग फनेलमध्ये दूध झालं. रात्रभर स्टँडवर ठेवलं. सकाळी वर चार बोटं सॉल्व्हंट, खाली पाणी आणि मधे हा जाड साय-थर. कसंबसं ०.६ ग्रॅम हाती आलं. पोलॅरिमीटरवर रोटेशन पुस्तकातल्या आकड्याच्या जेमतेम निम्मं, म्हणजे आरशातल्या प्रतिमेसारखे डावे-उजवे रेणू मिसळलेले.

सर म्हणाले, "एन्झाइमचे हे असेच नखरे. ते बायोटेकवाल्यांकडे सोड, आपण रोडियम-पॅलेडियमच्या कॅटॅलिस्टवाले." पण मग २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल फ्रान्सिस अर्नोल्ड यांना एन्झाइमच्या 'डायरेक्टेड इव्होल्यूशन'साठी कसं मिळालं? रेणू काय जिवंत असतो का उत्क्रांत व्हायला? आणि खरोखर कारखान्यात हे चालतं, की फक्त पेपरात? कुणी प्रत्यक्ष केलेलं असेल तर सांगा. आणि त्या साय-थराचं काय करू तेही.

लोटेवाली

घळाघळा पाणी वाचून हसले, माफ कर. आमच्या शेडमध्ये त्या एस्टरचा ड्रम उघडायचा असला की सगळे पूर्ण मास्क लावतात, आणि तरी सुपरवायझर लांबून हात करून सूचना देतो. पुढच्या वेळी हूडखाली उघड.

मी लोटे परशुरामच्या एमआयडीसीत प्रोसेस डेव्हलपमेंटला आहे. त्याआधी तीन वर्षं पुण्यात एका प्रयोगशाळेत हेच 'उत्क्रांत' करायचं काम केलं. म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोळलेत.

आधी तुझं रोटेशन निम्मं का आलं ते. यीस्टची पेशी म्हणजे एक एन्झाइम नव्हे, ती जत्रा आहे. तुझा कीटोन दिसला की आत चार-पाच रिडक्टेज, म्हणजे हायड्रोजन देणारी एन्झाइम, त्याच्यावर तुटून पडतात. काही हायड्रोजन एका बाजूने देतात, काही दुसऱ्या. तुला मिळतं ते त्यांच्या रस्सीखेचीचं उत्तर. विस्कॉन्सिनच्या चार्ल्स सीह यांनी १९८० च्या दशकात अगदी तुझ्याच क्लोरोएस्टरवर हे दाखवलं होतं. एस्टरचा गट लहान-मोठा केला की उत्पादन एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे सरकायचं, कारण जत्रेतला जिंकणारा पैलवान बदलायचा. म्हणजे तू चुकला नाहीस, तुझं उत्तर त्या पेशीतच निम्मं होतं.

कारखान्यात म्हणून अख्खी जत्रा नेत नाहीत. जो पैलवान हवा त्याचा जीन उचलायचा, ई. कोलाय बॅक्टेरियात बसवायचा, फर्मेंटरमध्ये वाढवायचा, पेशी फोडायच्या आणि रस वाळवायचा. आमच्याकडे तो मळकट क्रीम रंगाच्या पावडरीच्या रूपात बरण्यांत येतो. वास शिळ्या पिठासारखा. नव्या हेल्परने पहिल्या दिवशी विचारलं होतं, "मॅडम, हे बेसन इकडे कशाला?"

या रिडक्टेजला हायड्रोजन लागतो तो एनएडीपीएचकडून, आणि ते इतकं महाग की तोळ्यावर मोजावं. म्हणून सोबत दुसरं एन्झाइम घालतात, ग्लुकोज डीहायड्रोजनेज. ते ग्लुकोज खातं आणि वापरलेलं एनएडीपी पुन्हा भरून देतं. ग्लुकोजचं ग्लुकॉनिक ॲसिड होतं, पीएच उतरतो, तो कॉस्टिक सोडून धरून ठेवायचा. यातली मला आवडणारी गोष्ट: एक रेणू कीटोन गेला की एक रेणू ॲसिड तयार होतं. त्यामुळे कॉस्टिकच्या डे-टँकचं वजन किती उतरलं ते बघून रिॲक्शन कुठवर आली ते सांगता येतं. लॅबमधून जीसीचा (गॅस क्रोमॅटोग्राफीचा) तपासणी रिपोर्ट यायच्या आधी आमचा ऑपरेटर सांगतो, "मॅडम, ऐंशी टक्के." आणि ऐंशीच असते.

एकदा रात्रपाळीत पीएचच्या प्रोबवर प्रोटीनची बुरशीसारखी साय चढली. प्रोब सहा दाखवत राहिला, पंप कॉस्टिक ढकलत राहिला. पहाटे चारला कुणीतरी साधा पीएच पेपर बुडवला तर दहाच्या वर. एन्झाइम मेलंच, शिवाय क्लोरोहायड्रिनचा, म्हणजे तयार मालाचा, बराच भाग इपॉक्साइड होऊन गेला. त्या बॅचचं सांत्वन करण्यापलीकडे काही उरलं नव्हतं. तेव्हापासून दर तासाला पेपर बुडवायचा, ऑटोमेशन असो नसो.

आता 'उत्क्रांत'.

चिपळूणला स्टँडजवळ एक चावीवाला बसतो. कुलपाची चावी हरवली की तो कुलूप खोलत नाही. कोरी चावी आत घालतो, जोर लावून फिरवतो, बाहेर काढून उन्हात धरतो, कुठे घासल्याची चमक दिसते ते बघतो, तिथे कानस दोनदा मारतो, पुन्हा घालतो. दहा-बारा खेपांत कुलूप उघडतं. आतल्या लिव्हरचं चित्र त्याला माहीत नसतं आणि लागतही नाही. डायरेक्टेड इव्होल्यूशन हे एवढंच आहे. फक्त इथे चावी, म्हणजे तुझा रेणू, ठरलेला असतो, आणि कानस कुलपाला मारायची.

रेणू जिवंत नसतो हे तुझं बरोबर. पण त्याची पाककृती, म्हणजे जीन, जिवंत बॅक्टेरियात असते. जीनची नक्कल पीसीआरने करताना मुद्दाम घाण करायची. मॅंगनीज घातलं की नक्कल करणारा पॉलिमरेज गडबडतो आणि एका नक्कलेत एक-दोन चुका ठेवतो. या चुकीच्या नकला बॅक्टेरियात घातल्या की प्रत्येक कॉलनी एक वेगळी पाककृती घेऊन वाढते. टूथपिकने एकेक कॉलनी उचलून ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये टाकायची, एन्झाइम बनवून घ्यायचं, सबस्ट्रेट (ज्या रेणूवर त्याने काम करायचं तो) द्यायचा आणि बघायचं कोण बरा. बऱ्याची पाककृती घेऊन पुन्हा नकला, पुन्हा चुका. दोन-तीन बरे निघाले तर त्यांची जीन तुकडे करून एकमेकांत पिसायची. विलेम स्टेमर यांनी १९९४ मध्ये ही पत्ते पिसायची युक्ती आणली.

ऐकायला सोपं. पण सगळा जीव असतो तो 'कोण बरा' हे बघण्यात. पुण्यात एका लायपेजवर, म्हणजे एस्टर तोडणाऱ्या एन्झाइमवर, काम करत होते. खरा सबस्ट्रेट रंगहीन, एकेक नमुना एचपीएलसी या तपासणीच्या यंत्रावर वीस मिनिटं खायचा. म्हणून त्याच्याऐवजी पॅरा-नायट्रोफेनॉलचा एस्टर घेतला. तुटला की पिवळा होतो, प्लेट रीडर क्षणात वाचतो. चार महिने प्लेटी भरल्या. पिवळ्या रंगावर मूळच्या चौदा पट चांगला क्लोन सापडला, पेढे वाटले. खऱ्या सबस्ट्रेटवर लावला तर मूळ एन्झाइमपेक्षा किंचित कमी! त्याने नायट्रोफेनॉल ओळखायला शिकून घेतलं होतं. आम्ही जी परीक्षा घेतली तिचाच अभ्यास त्याने केला, यात त्याची काय चूक?

त्याच्या आधीची गंमत अजून वाईट. पहिल्या फेरीत आमचे सगळे 'विजेते' प्लेटच्या कडेच्या खळग्यांत. पहिली ओळ, शेवटची ओळ, डावा-उजवा रकाना. दोन आठवडे आम्हाला कळेना. एसीचा झोत प्लेटवर यायचा, कडेच्या खळग्यांतलं पाणी उडायचं, रंग गडद व्हायचा. आम्ही बाष्पीभवनाची उत्क्रांती करत होतो.

कारखान्यात चालतं का, तर तुझ्याच क्लोरोएस्टरवर चाललंय. कॅलिफोर्नियाच्या कोडेक्सिस कंपनीने ॲटोर्वास्टॅटिनच्या साखळीसाठी हेच रिडक्शन घेतलं. सुरुवातीच्या एन्झाइमांनी निवड झकास होती, ई.ई. (हव्या हाताचा रेणू दुसऱ्यापेक्षा किती टक्क्यांनी जास्त ते) ९९.५ च्या वर. तू म्हणशील, मग झालं की. नाही झालं. लिटरला ८० ग्रॅम सबस्ट्रेटला ९ ग्रॅम एन्झाइम लागायचं, २४ तास लागायचे, आणि शेवटी नीट वाच, थर वेगळे व्हायला तासापेक्षा जास्त. म्हणजे तुझा साय-थर, फक्त टनाच्या भाषेत. दोन्ही एन्झाइमांची ताकद वाढवली, रिडक्टेजची सात पट, ग्लुकोजवालीची तेरा पट. त्यानंतर लिटरला १६० ग्रॅम सबस्ट्रेट, ८ तास, एन्झाइम एक ग्रॅमहून थोडं कमी. थर वेगळे व्हायला एक मिनिट.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं एन्झाइम तेज केलं ते वेळ वाचवायला. प्लांटवर त्याचा खरा फायदा हा की भांड्यात प्रोटीन कमी पडतं. साय करतं ते प्रोटीनच.

जेवायला बोलावतायत. पुढचं नंतर.

ऱ्हाईनकाठचा_कोल्हापुरी

लोटेवाली ताईंनी प्लेटीचं दुःख सांगितलंच आहे, मी फक्त हिशेब जोडतो. इकडे जर्मनीत पीएचडीला चार वर्षं हाच हिशेब डोक्यावर आहे.

समजा एन्झाइममध्ये ३०० अमिनो ॲसिड आहेत. एकच जागा बदलायची तर ३०० गुणिले १९, म्हणजे ५,७०० प्रकार. दमाने घेतलं तर तपासून होतात. दोन जागा एकदम बदलायच्या तर १ कोटी ६० लाखांच्या वर. तीन जागा: सुमारे ३,००० कोटी. म्हणून कुणी सगळं तपासत नाही, पायरी-पायरीने चढतात. दुसरा मार्ग म्हणजे सक्रिय जागेभोवतालची (एन्झाइममध्ये रिॲक्शन घडते तिथली) एखादी जागा धरायची आणि फक्त तिथे वीसही अमिनो ॲसिड आलटून-पालटून बसवायची. नेहमीच्या पद्धतीत त्यासाठी ३२ कोडॉन (जीनमधले तीन अक्षरी शब्द) लागतात, आणि ९५ टक्के खात्री हवी तर ९४ कॉलन्या तपासाव्या लागतात. म्हणजे एक प्लेट. देवाने ९६ चा आकडा आमच्यासाठीच ठेवला असावा! दोन जागा एकदम धरल्या की ३,०६६. तीन धरल्या की ९८ हजार, आणि गाईड खोलीतून निघून जातो.

मजा ही की पहिल्यांदा यश आलं तेव्हा कुणी सक्रिय जागेकडे बघत नव्हतं. अर्नोल्ड यांनी कॅलटेकमध्ये सब्टिलिसिन हे प्रोटीन तोडणारं एन्झाइम घेतलं आणि त्याला डायमिथाइल फॉर्मामाइड (डीएमएफ) या सॉल्व्हंटमध्ये काम करायला लावलं. १९९३ चा पेपर. चाळणी अगदी साधी होती. आगरच्या थाळीत दुधातलं केसीन आणि डीएमएफ. ज्या कॉलनीभोवती केसीन पचून मोठं पारदर्शक कडं पडेल ती उचलायची. शेवटचा प्रकार ६० टक्के डीएमएफमध्ये मूळच्या २५६ पट चालला. त्या आधी बरेच जण संरचना बघून, डोकं लावून एन्झाइम सुधारू पाहत होते, आणि अर्नोल्ड स्वतःही त्यातल्याच.

ई.ई. वाढवायची हिंमत पहिल्यांदा इकडच्याच म्यूलहाइमच्या मॅनफ्रेड रीट्झ यांनी केली, १९९७ मध्ये. ते मुळात तुमच्या सरांसारखे धातूवाले ऑरगॅनिक केमिस्ट! स्यूडोमोनासचं लायपेज घेतलं, ज्याची निवड म्हणजे नाणेफेक, ई.ई. २ टक्के. चार फेऱ्यांत ८१. डावा आणि उजवा एस्टर वेगवेगळ्या खळग्यांत शेजारी-शेजारी ठेवून कुठला आधी पिवळा होतो ते बघायचे. ताईंचाच नायट्रोफेनॉल, पण त्यांना हवा होता तो सबस्ट्रेट तोच होता, म्हणून फसले नाहीत.

सरांना २०१६ चं उदाहरण द्या. आइसलँडच्या गरम पाण्यातल्या बॅक्टेरियाचं सायटोक्रोम सी हे प्रोटीन. त्याचं पेशीतलं काम इलेक्ट्रॉन इकडून तिकडे नेणं, कॅटॅलिसिसशी घेणं-देणं नाही. अर्नोल्ड यांच्या गटाने त्याला कार्बन-सिलिकॉन बंध जोडायला शिकवलं. निसर्गात असा बंध बनवणारं एन्झाइम माहीत नाही. फक्त तीन म्यूटेशन (अमिनो ॲसिडचे बदल), आणि तेव्हाच्या सर्वोत्तम धातू कॅटॅलिस्टच्या पंधरा पट कामगिरी. रोडियमवाल्यांनी थोडं हळूच बोलावं.

तारापूरचा_म्हातारा

हळूच बोलतो. चौतीस वर्षं प्लांटवर काढून निवृत्त झालो, रोडियम, पॅलेडियम, रॅने निकेल सगळं हाताळलं आहे, आणि एन्झाइमही.

या धाग्यात एक गैरसमज दिसतो की एन्झाइम प्लांटवर काल-परवा आले. ६-एपीए हा अँटिबायोटिकचा कच्चा माल करताना पेनिसिलिनची साखळी तोडायला आम्ही पूर्वी फॉस्फरस पेंटाक्लोराइड वापरत होतो. मिथिलीन क्लोराइड, उणे चाळीस अंश, ब्राइनची लाइन फुटली की बोंब. नंतर पेनिसिलिन ॲसिलेज आलं. पाणी, अंगाएवढी उब, मण्यांवर बसवलेलं एन्झाइम, गाळायचं आणि पुढच्या बॅचला तेच. तेव्हा कुणी त्याला उत्क्रांती म्हणत नव्हतं.

मला दोन गोष्टी खुपतात. एक, हे लोक 'ग्रीन' म्हणतात आणि निम्मं भांडं डीएमएसओने भरतात. १८९ अंशाला उकळणारं सॉल्व्हंट पाण्यातून काढणार कसं? ते ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटात) जातं, तिथले जंतू त्याचं डायमिथाइल सल्फाइड करतात, आणि गावात कुजलेल्या कोबीचा वास सुटला की पंचायतीचे लोक गेटवर. हे मी अनुभवलं आहे. दोन, रोडियम मी कुणाकडूनही घेतो, वापरून परत देतो आणि धातूचे पैसे मिळतात. उत्क्रांत एन्झाइम एकाच दुकानात मिळतं. त्याने भाव वाढवला की तुम्ही बसा.

मुला, तुझे सर चूक नाहीत, अर्धेच बरोबर आहेत.

लोटेवाली

काका, नमस्कार. दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. आमच्या खरेदी विभागाची याच कारणाने झोप उडते.

पहिल्या मुद्द्यात तुम्ही डोळ्यापुढे सिटाग्लिप्टिन ठेवलंय असं दिसतं, तर तेच सांगते, कारण माझ्या मते या सगळ्या विषयातलं ते सर्वांत सुंदर काम आहे. डायबेटिसची गोळी. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये पेटंट संपलं आणि गल्लोगल्ली निघाली.

ती गोळी काढणाऱ्या मर्क कंपनीची आधीची पद्धत होती रोडियमची. इनामिन या आधीच्या टप्प्यातल्या रेणूवर २५० पीएसआय दाबाने हायड्रोजन, म्हणजे खास ऑटोक्लेव्ह. ई.ई. ९७, ती कमी म्हणून पुन्हा स्फटिकीकरण, शिवाय रोडियम काढायला कोळशाची ट्रीटमेंट. गंमत बघा, या पद्धतीला २००६ मध्ये अमेरिकेचं ग्रीन केमिस्ट्रीचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालेलं. आणि तिला हटवणाऱ्या एन्झाइमच्या पद्धतीला तेच पारितोषिक २०१० मध्ये. चार वर्षांत 'ग्रीन' शिळं झालं.

कीटोनचं सरळ अमाइन करायचं होतं. त्यासाठी ट्रान्सअमिनेज नावाची एन्झाइम असतात, ब-६ जीवनसत्त्वाचा पिवळा भाऊ पोटात घेऊन फिरणारी. पण त्यांच्या पोटात दोन कप्पे, एक मोठा, एक लहान, आणि लहान कप्प्यात मिथाइलपेक्षा फार मोठं काही मावत नाही. सिटाग्लिप्टिनच्या कीटोनला दोन्हीकडे लठ्ठ गट. त्यामुळे सुरुवातीची क्रियाशीलता शून्य. कमी नाही, शून्य. चावीवाल्याला चमकच दिसत नसेल तर कानस कुठे मारणार?

मर्क आणि कोडेक्सिसने काय केलं, कीटोन अर्धा छाटला. एका बाजूला साधं मिथाइल ठेवलं. हा खोटा सबस्ट्रेट एन्झाइमने थोडासा घेतला. त्याच्यावर मोठा कप्पा रुंद केला. मग खरा कीटोन दिला आणि लहान कप्पा कॉम्प्युटरवर बघून मोकळा केला. चार म्यूटेशननंतर पहिला उजेड दिसला. लिटरला २ ग्रॅम कीटोन, १० ग्रॅम एन्झाइम, २४ तास, रूपांतर ०.७ टक्के. आमच्या मीटिंगमध्ये कुणी हा आकडा आणला असता तर चहा येण्याआधी प्रोजेक्ट बंद झाला असता. त्यांनी नाही केला. २७ म्यूटेशनवर पोचले तेव्हा लिटरला २०० ग्रॅम कीटोन, ६ ग्रॅम एन्झाइम, निम्मं डीएमएसओ, ९२ टक्के उत्पन्न आणि चुकीच्या हाताचा रेणू जवळपास सापडतच नाही, ई.ई. ९९.९५ च्या वर. साध्या भांड्यात, ऑटोक्लेव्ह नाही.

मला यात शिकायला मिळालं ते असं. रोडियमच्या काळात आम्ही कॅटॅलिस्टला सांभाळायचो. त्याला ऑक्सिजन चालत नाही, नायट्रोजन मार. त्याला पाणी चालत नाही, सॉल्व्हंट सुकव. इथे त्यांनी आधी ठरवलं की प्लांटला काय परवडतं: इतकं घट्ट, इतकं गरम, अमोनियासारखा मासळी वास मारणारं आयसोप्रोपाइल अमाइन इतकं. आणि दर फेरीत चाळणी त्या परिस्थितीकडे एक पायरी कडक करत गेले. तिथे जगेल तोच पुढच्या फेरीला. कॅटॅलिस्टने प्लांटला सांभाळायचं.

डीएमएसओ मात्र त्या कीटोनची गरज आहे, पाण्यात तो विरघळत नाही. ते ईटीपीचं दुखणं एन्झाइमने सुटलं नाही, यात तुम्ही बरोबर. पण प्रत्येक एन्झाइमच्या प्रोसेसला डीएमएसओ लागतो असंही नाही. मुलाच्या क्लोरोएस्टरला पाणी आणि ब्यूटाइल ॲसिटेट पुरतं.

आणि एक, एन्झाइम नाजूक या समजाबद्दल. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा आमच्याकडेही वीज गेली. डिझेल जपून रिॲक्टरांना दिलं, कोल्ड रूम सोडून दिली. घाट बंद, मी स्वतः चौथ्या दिवशी पोचले. आत उबट दमट हवा आणि भिंतीला पाणी सुटलेलं. बरण्या टाकून द्यायचं ठरलंच होतं, पण आधी तपासल्या. कोरड्या पावडरींनी दहा टक्क्यांच्या आतच ताकद गमावली होती. बाजूला ठेवलेलं ग्लुकोजचं द्रावण मात्र आंबून फसफसत होतं.

अर्धाकच्चा_रसायनी

ताई, काका, कोल्हापुरी दादा, एवढं तर दोन वर्षांत वर्गात ऐकलं नव्हतं. सरांना धागा दाखवला. ऑटोक्लेव्ह नाही या वाक्यावर थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चार म्यूटेशनला ०.७ टक्के?" नंतर काही बोलले नाहीत.

कॉलेजात जीन-बिन काही करता येणार नाही, कळतंय. पण जत्रेऐवजी जरा कमी गर्दीची पेशी मिळेल का? आणि ताई, माझा साय-थर राहिलाच. अजून फनेल स्टँडवर आहे. लॅब असिस्टंट रोज विचारतो.

ऱ्हाईनकाठचा_कोल्हापुरी

पुण्यात एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एनसीआयएम म्हणून सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, औद्योगिक उपयोगाच्या जातींचा. कॉलेजच्या पत्रावर सरांकडून विचारणा करा, वेगळ्या जातीचं यीस्ट मिळेल. नाहीतर गाजर. थट्टा नाही. गाजराच्या तुकड्यांनी ॲसिटोफिनोन रिड्यूस करून उत्तम ई.ई. मिळते, हैदराबादच्या आयआयसीटी या रसायन संशोधन संस्थेतून २००२ मध्ये यावर पेपर आला होता. गाजराचे तुकडे गाळून काढता येतात, म्हणजे साय पण कमी.

लोटेवाली

साय-थराचं ऐक. मोठी चूक एक्स्ट्रॅक्शनची नाही, त्याच्या आधीची आहे. तू पेशींसकट सगळा रगडा फनेलमध्ये ओतलास. यीस्ट आधी काढायला हवं होतं. पुढच्या वेळी रिॲक्शन संपली की त्यात हायफ्लो (गाळायला मदत करणारी पूड) टाक, ४०० मिलीला चार-पाच मोठे चमचे, दहा मिनिटं ढवळ. बुकनर फनेलमध्ये कागदावर हायफ्लोचाच बोटभर बेड बनव, आधी पाण्याने ओला करून दाबून घे, मग हळूहळू ओत. व्हॅक्यूम सुरुवातीला पूर्ण उघडू नकोस, बेड चिकट होऊन बंद पडतो आणि मग खरवडत बसावं लागतं. केक थोड्या इथिल ॲसिटेटने धू, तुझा बराच माल त्यातच बसलेला असतो. ०.६ ग्रॅम का आलं त्याचं निम्मं उत्तर तिथे आहे.

गाळलेलं पाणी मिठाने संपृक्त कर आणि मगच एक्स्ट्रॅक्ट कर. फनेल झिंज्या उपटल्यासारखं हलवू नकोस, सावकाश उलटं-सुलटं कर.

स्टँडवरचं जे आहे ते फेकू नको. मधला थर तेवढा काढून घे, त्यातही हायफ्लो घाल आणि गाळ. तासाभरात दोन स्वच्छ थर दिसतील. आणि असिस्टंटला सांग, हूडखाली ठेवतोय, आत क्लोरोएस्टर उरलेला असणार.